उमेदवारांची माहिती नेटवर बघताना वही घेऊन बसता का?

सड्यावरचा
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते टाकतो. विषय राजकारणाचा नाही, कोण चोर कोण साव हे इथे आणू नका प्लीज, त्यासाठी बाकीचे धागे आहेत की.

मी गुहागर तालुक्यातला. जिल्हा रत्नागिरी, पण लोकसभेला आमचं मत रायगडात. दापोली आणि गुहागर तिकडे जोडलेत, बाहेरच्याला सांगितलं तर खोटं वाटतं. तर मे २०२४, ७ तारखेला मतदान, त्याच्या आधी दोन रात्री मी मोबाईल घेऊन बसलो. म्हटलं या वेळी नीट बघून मत देऊया. निवडणूक आयोगाच्या साइटवर प्रत्येकाचं शपथपत्र असतं, फॉर्म २६, ते उघडलं, मग मायनेतावर (शपथपत्रांतली माहिती सोपी करून देणारी साइट) गेलो, तिथून एका बातमीवर, बातमीखाली व्हिडिओ, व्हिडिओखाली कमेंटा, कमेंटांत आमच्याच गावातले दोघे भांडत होते ते वाचलं... दीड वाजला रात्रीचा. सकाळी आई विचारते एवढं काय बघत होतास, तर मला सांगता काय आलं? कोणाच्या बायकोकडे किती तोळे सोनं आहे. बास. दोन रात्री जागून एवढंच.

मग २० नोव्हेंबरच्या विधानसभेला मी आंब्याच्या पेट्यांची वही घेतली. दुसरी कुठली हाताशी नव्हती. तिच्यात रकाने आखलेलेच असतात, तारीख, पेट्या, डझन, दलाल, भाव, पट्टी, बाकी. वरची नावं खोडून लिहिलं नाव, शिक्षण, धंदा, केसेस, जमीन, देणी, वगैरे. आणि वाडीत रेंज नाही म्हणून सड्यावर काजूच्या झाडाखाली उभा राहून, एका हातात फोन एका हातात वही.

गंमत अशी झाली की पानं मी निम्मीसुद्धा उघडली नाहीत, पण उघडली ती दोन दोनदा उघडली. एकाच्या 'देणी' खाली काही नाही म्हटल्यावर हात शिवशिवायला लागला, रकाना रिकामा कसा, परत जा, खाली सरकव, शोध. आणि व्हिडिओ एकही बघितला नाही, कारण वहीत व्हिडिओचा रकानाच नव्हता!

तर प्रश्न असा, तुम्ही लिहून घेता का? कुठे? आणि लिहिल्यामुळे लक्षात राहतं हे सोडा, *शोधणंच* बदलतं असं तुम्हाला पण वाटतं का?

तिरफळ
सोना तेवढा लक्षात रवला तुमच्या आणि नाव बदनाम आमचा बायलमाणसांचा 😂

चाकरमानी_डोंबिवली
मी लिहीत नाही, स्क्रीनशॉट मारतो. सोपं. लोकल मधे उभ्याने कोण वही काढणार.

तिरफळ
आणि मगे ते बघतास कधी?

चाकरमानी_डोंबिवली
ते विचारू नका. परवाच गॅलरी साफ करत होतो, गणपतीच्या फोटोंच्या मधे शपथपत्राची ४० पानं निघाली, एकेका पानाचा वेगळा फोटो, त्यातली ८ उलटी. कोणाची ते पण कळेना कारण नाव पहिल्या पानावर असतं आणि पहिलं पान काढलंच नव्हतं.

गुरुजी_निवृत्त
चांगला विषय काढलात. मी शाळेत होतो तोवर निवडणुकीच्या ड्युट्या भरपूर केल्या, केंद्राध्यक्ष म्हणूनही बसलो. उमेदवारांचं तुम्ही बघा, मी मतदाराच्या स्वतःच्या माहितीबद्दल बोलतो, कारण घोळ तिथेच जास्त.

लोक येतात, फोनमध्ये बघून येतात, आणि दारात पोलीस फोन बाहेर ठेवायला लावतो. मग आत येऊन 'सर माझं नाव बघा ना'. अहो आमच्यासमोरची यादी अनुक्रमांकाने असते, ओळखपत्राच्या नंबराने नाही! भाग क्रमांक आणि अनुक्रमांक हे दोन आकडे कागदावर लिहून आणलेत तर अर्ध्या मिनिटात काम. नाहीतर एकेक पान उलटत बसा, मागे रांग, रांगेत म्हाताऱ्या बायका, बाहेर ऊन. स्क्रीनशॉटवाले डोंबिवलीकर, हे तुमच्यासाठी.

दुसरं, आकडा लिहाल त्याच्या शेजारी तारीख घाला. कार्डावरचा नंबर तोच राहतो पण यादी नव्याने झाली की अनुक्रमांक बदलतो, कधी भाग पण बदलतो. लोकसभेची चिठ्ठी विधानसभेला घेऊन आलेले मी बघितलेत, आणि वर भांडतात. आणि घरी येते ती मतदार माहिती चिठ्ठी, ती ओळखपत्र नव्हे. कार्ड नाहीतर आधार, पॅन, लायसन, फोटोचं पासबुक यातलं काहीतरी बरोबर पाहिजेच.

चाकरमानी_डोंबिवली
गुरुजी मान्य. कागदावर लिहीन. (कागद आणायला विसरीन ते वेगळं.)

कोळंबी_कालवण
मी जरा उलटं बोलते, राग मानू नका. सड्यावरचा, तुझा सगळा लेख वाचला तर तूच कबूल केलंयस की तू कमी बघितलंस. रकाने आधी ठरवलेस आणि रकान्यात मावलं तेवढंच बघितलंस. हे शोधणं आहे की जनगणना? तुझ्या रकान्यात नाही ते तुझ्यासाठी जगातच नाही. मासेमारीबद्दल कोण काय बोललाय, जेट्टीचं काय, एलईडी लाईट लावून मासे ओढणाऱ्या बोटींवर कोणाचं काय म्हणणं, याचा रकाना होता का? आमच्या हर्णै दाभोळ साइडला त्याच्याशिवाय दुसरं काही विचारत नाहीत. शपथपत्रात हे येत नाही. तिथे येतं सोनं आणि जमीन, म्हणून तुझ्या वहीत सोनं आणि जमीन.

मी भटकते नेटवर, काही लिहीत नाही, आणि भटकता भटकता सापडतं ते तुझ्या वहीला कधी सापडणार नाही.

सड्यावरचा
@कोळंबी_कालवण लागलं बरं का हे 🙂 मासेमारीचा रकाना नव्हता. आमच्याकडे आंबा काजू, म्हणून डोक्यात नाही आलं. पण तू भटकून जे सापडवलंस ते आत्ता सांग बघू, कोण काय बोललेला एलईडीवर? दोन वर्षांपूर्वीचं?

कोळंबी_कालवण
...
सांगते थांब.

तिरफळ
कोळंबी गेली खय? कालवण करपला 😄

वेंगुर्ल्याची_माई
मी उमेदवारांचं फारसं बघत नाही बाबांनो, पण यादीत नाव शोधायचं म्हणाल तर माझ्याकडे वहीचं एक पानच आहे, 'नाही सापडलं' नावाचं.

सासूबाईंचं नाव शोधत होते. कार्ड हरवलं, नंबर कोणाकडे नाही, म्हणून नाव घालून शोधायचं. आता ते नाव यादीत कसं लिहिलंय देव जाणे. ळ चा ल केलेला असतो, आडनावात एक काना जास्त, नवऱ्याच्या नावाच्या जागी वडलांचं, वय दोन वर्षं मागे पुढे. दर वेळी वेगळं काहीतरी घालून बघायचं, दर वेळी ती वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाईप करायची आणि उत्तर काय, रेकॉर्ड नाही. पहिले दोन दिवस मी तेच तेच परत शोधत होते हे माझ्या लक्षातच आलं नाही! तिसऱ्या दिवशी नातीने सांगितलं आजी जे घालून बघितलंस ते लिहून ठेव. मग लिहायला लागले, ळ ने बघितलं नाही, ल ने बघितलं नाही, माहेरच्या आडनावाने बघितलं नाही. नवव्या ओळीला सापडलं. वय ६ वर्षांनी कमी लावलेलं होतं, सासूबाई खूष.

तेव्हा सापडलेलं लिहितातच सगळे, न सापडलेलं लिहा.

गुरुजी_निवृत्त
माई, हे लाख बोललात. वय दुरुस्तीला फॉर्म ८ भरा, तोच पत्ता बदलायलाही चालतो आता, पूर्वीचा ८अ बंद झाला. सासूबाईंना विचारून भरा मात्र.

वेंगुर्ल्याची_माई
त्या नको म्हणतात 😀

अलिबागचा_पांढरा_कांदा
रायगडवाले म्हणून आमचा अनुभव ऐका. २०१४ ची लोकसभा, अनंत गीते विरुद्ध सुनील तटकरे, गीते आले. फरक किती? २११० मतांचा. आणि तटकऱ्यांच्या नावाचाच एक अपक्ष उभा होता त्याला मतं ९८४९. आता त्यातली किती चुकून पडली ते कोण सांगणार, पण आमच्या आळीत त्या दिवशी संध्याकाळी एकजण डोक्याला हात लावून बसलेला मी स्वतः बघितला.

तर माझा मुद्दा, नेटवर वाचताना आपण *नाव* वाचतो. लिहिताना कळतं की हे नाव आधी पण लिहिलंय. मी २०२४ ला कागदावर उतरवत होतो तर एकच नाव परत आलं आणि पेन थांबलं, म्हटलं हे आत्ताच लिहिलं ना? म्हणून मधलं नाव आणि चिन्ह असे दोन रकाने वाढवले. नुसता स्क्रोल करत असतो तर वाटलं असतं की तेच पान परत उघडलं. आता मशीनवर उमेदवाराचा फोटो असतो, २०१५ पासून आला तो, तरी चिन्ह लिहिलेलं बरं.

पाणंद
कांदा +१. बाय द वे पांढरा कांदा कसा चाललाय यंदा?

अलिबागचा_पांढरा_कांदा
माळ घेता का, व्यनि करा.

पाणंद
सड्यावरचा, पेटी कितीला? वाशीची पट्टी काय आली शेवटची?

सड्यावरचा
धागा आंब्यावर नेऊ नका रे. (मोहोर बघून सांगतो.)

मानसशास्त्राची_वारी
मी रत्नागिरीत शिकते, मानसशास्त्र, दुसरं वर्ष. कोणी विचारलं नाही तरी सांगते 🙈

हाताने लिहावं की टाईप करावं यावर २०१४ मध्ये म्युलर आणि ओपेनहायमर यांचा अभ्यास खूप गाजला. मुलांना भाषणाचे व्हिडिओ दाखवले, अर्ध्यांना वही, अर्ध्यांना लॅपटॉप. लॅपटॉपवाले शब्दन् शब्द उतरवत होते, वहीवाल्यांना तेवढा वेग नसतो म्हणून त्यांना गाळून लिहावं लागतं, आणि समजून उत्तर द्यायच्या प्रश्नांत वहीवाले पुढे गेले. पण! २०१९ आणि २०२१ मध्ये दुसऱ्यांनी हेच परत करून बघितलं तेव्हा मार्कांतला फरक तसा ठाम आला नाही. त्यामुळे 'वहीच भारी' असं कोणी फॉरवर्ड पाठवलं तर लगेच मान डोलवू नका.

पण आपल्या धाग्याला दुसरंच काम जवळचं आहे. अमेरिकेत लाऊ आणि रेडलॉस्क या दोघांनी संगणकावर खोटी निवडणूक रचली. पडद्यावरून मथळे सरकत जातात, त्यावर क्लिक केलं तर ती माहिती उघडते, तोवर बाकीचे मथळे निघून जातात, प्रचारात जातात तसे. कोण काय उघडतो ते नोंदलं जातं. काही लोक एकाच उमेदवाराचं सगळं वाचत जातात, काही लोक एकच मुद्दा सगळ्यांचा वाचतात. वहीच्या भाषेत आडवं वाचणारे आणि उभं वाचणारे.

सड्यावरच्या दादाचं काय झालं माहितीये का? लोकसभेला तो आडवा वाचत होता, एक माणूस, त्याची बातमी, त्याचा व्हिडिओ. पेट्यांच्या वहीने त्याला उभा वाचायला लावला. रिकामा रकाना खुपतो तो त्यामुळे, वरच्याचा भरलाय, खालच्याचा भरलाय, मधला नाही.

सड्यावरचा
अगदी हेच! दोन वर्षं मला हे सांगता येत नव्हतं, एका परिच्छेदात सांगितलंस. आडवं उभं.

चाकरमानी_डोंबिवली
म्हणजे स्क्रीनशॉटवाला आडवा पण नाही उभा पण नाही, झोपलेला 😴

गुरुजी_निवृत्त
रिकाम्या रकान्यावरून आठवलं. उमेदवाराला शपथपत्रात रकाना कोरा ठेवता येत नाही. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल आहे. काही नसेल तर 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहावं लागतं, आठवण देऊनही कोरं ठेवलं तर अर्ज बाद होऊ शकतो. मुळात ही माहिती आपल्याला मिळते ती पण कोर्टामुळेच, २००२ चा निकाल, मग २००३ चा.

त्यामुळे सड्यावरचे भाऊ, तुमच्या वहीत 'देणी' रिकामं राहिलं असेल तर दोनच शक्यता, तिथे निरंक लिहिलेलं होतं आणि तुम्ही ते लिहिलं नाहीत, किंवा तुम्हाला ते पान दिसलंच नाही. रिकामं आणि निरंक यात फरक करा. आम्ही आयुष्यभर तक्ते भरले, शून्य वेगळं, निरंक वेगळं, कोरं वेगळं.

सड्यावरचा
गुरुजी तुम्ही म्हणता तसंच. पान दिसलंच नव्हतं. ती पीडीएफ म्हणजे कागद स्कॅन करून टाकलेला, त्यात शब्द टाकून शोधता येत नाही, वरून नोटरीचा शिक्का बरोबर आकड्यावर मारलेला. रेंज गेली की अर्धं पान पांढरं. मी पांढरं पान बघून पुढे गेलो होतो 🤦

रापण
एक राहून जातंय सगळ्यांचं. इथे निम्मे लोक मुंबईत राहतात आणि नाव गावाला ठेवतात, काही जणांचं दोन्हीकडे. त्याची पण नोंद ठेवा म्हणजे वहीत.

चाकरमानी_डोंबिवली
आलं का गाडं चाकरमान्यांवर. माझं एकाच ठिकाणी आहे, डोंबिवलीत. गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मताला येत नाही.

रापण
तुला नाही म्हटलं रे. पण बस भरून येतात ते दिसतं ना डोळ्यांनी.

गुरुजी_निवृत्त
दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १७ आणि १८. आणि अर्जात खोटं लिहून दिलं तर कलम ३१, एक वर्षापर्यंत कैद. पुष्कळांनी मुद्दाम केलेलं नसतं, नव्या पत्त्यावर नाव घालताना जुनं काढायचं राहतं. ते बघायला सुद्धा माईंचीच पद्धत, दोन्हीकडे शोधा आणि काय सापडलं ते लिहा. विषय इथे थांबवूया, सड्यावरच्यांनी पहिल्याच ओळीत सांगितलंय.

कोळंबी_कालवण
आले. चार दिवस लागले, घरी पाहुणे होते, पण खरं कारण ते नाही.

एलईडीवर कोण काय बोललं ते शोधायला बसले. मला पक्कं आठवत होतं की एकाने सभेत ठाम विरोध केलेला. तो व्हिडिओ काही सापडेना. सापडला तो दुसऱ्याच माणसाचा होता. म्हणजे दोन वर्षं मी एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालून फिरत होते, मच्छीमार सोसायटीत वाद पण घातलाय त्यावरून. तेव्हा सड्यावरचा, हा पहिला गुण तुला.

मग म्हटलं बघू तरी हे वहीचं. आमच्याकडच्या एका उमेदवाराची २०१९ आणि २०२४ ची दोन्ही शपथपत्रं उघडली, जुनी पण मिळतात. आधी नुसती वाचली. काही वेगळं दिसलं नाही, दोन्ही सारखीच कंटाळवाणी. मग कागदावर शेजारी शेजारी उतरवली, तर एकच जमीन, गट नंबर तोच, २०१९ ला गुंठ्यात आणि २०२४ ला चौरस फुटात. वाचताना मला वाटलेलं जमीन वाढली! हजारात आकडा दिसला की वाटणारच. १०८९ ने भागलं तेव्हा तेवढीच निघाली, एक फूट इकडे तिकडे नाही. म्हणजे लिहिलं नसतं तर सोसायटीत अजून एक खोटी गोष्ट सांगून आले असते, आणि ती पण माणसाच्या विरोधात.

पण माझा मूळ मुद्दा सोडत नाही मी. मासेमारीचा रकाना शपथपत्रातून भरत नाही, तो भटकूनच भरतो. मी आता असं करते, पहिले दोन दिवस भटकायचं, पेनाला हात लावायचा नाही, भटकताना जे डोक्यात राहील त्याचे रकाने आखायचे, आणि मग वही. तू वही आधी घेतलीस म्हणून तुझ्या रकान्यांत आंब्याचाच वास आला.

मानसशास्त्राची_वारी
ताई हे मी माझ्या प्रोजेक्टला वापरू का? नाव नाही घालणार.

कोळंबी_कालवण
वापर गं. कोळंबी लिही.

पाणंद
मी एक विचारू का, फोनमधलं नोट्सचं ॲप कोणीच वापरत नाही का? वही वही चाललंय नुसतं.

अलिबागचा_पांढरा_कांदा
वापरून बघितलं. वाचता वाचता ॲप बदललं की मागे शपथपत्राचं पान परत पहिल्यापासून लोड होतं. तीन वेळा झालं, मग लाईट बिलाच्या पाठीवर लिहिलं.

रापण
आमच्याकडे एकच फोन आणि तो पण पोराच्या हातात. वहीला पर्याय नाही.

वेंगुर्ल्याची_माई
कोळंबी, तुझं ते दोन दिवस भटकायचं पटलं. फक्त भटकताना कुठे गेले होते ते मला आठवत नाही, म्हणून मी तेवढं लिहीन.

तिरफळ
माई, मगे ता भटकणा कसला, ती तर रोजनिशी झाली. माका विचारशात तर मी घोवाक सांगतंय, तू वाच, मी लिहितंय. तो वाचताना बरोब्बर सोन्यापाशी थांबता 😂

सड्यावरचा
कोळंबी, दोन दिवस आधी भटकायचं हे मी पुढच्या वेळी करून बघणार, आणि रकाने आखताना तुला विचारणार.

वहीचं पुढे काय झालं ते सांगतो. पान फाडायचं राहिलं. मार्चमध्ये पहिल्या पेट्या गेल्या तेव्हा आईने हिशोबाला तीच वही काढली. शेवटचा रकाना 'बाकी' चा, त्यावर मी बारीक अक्षरात 'देणी' लिहिलेलं, ते खोडलेल्याच्या वर, तिला चष्म्याशिवाय दिसलं नाही. मी परड्यातून आलो तर ती वही धरून बसलेली, चेहरा उतरलेला. म्हणते, "अरे ह्या माणसाकडे आपले एवढे पैसे कधी राहिले? आणि तू मला बोलला नाहीस?"